तक्रार अर्ज, देवाच्या नावे

चारठाण्यात देवांची टंचाई नाही. जिंतूर तालुक्यातलं हे गाव. यादवकाळची देवळं आहेत, बारव आहे, एकटाच उभा राहिलेला उंच दगडी खांब आहे. लोक लांबून बघायला येतात, फोटो काढतात, जातात. कुठं शेंदूर लागलेला, कुठं नुसताच दगड. ज्या देवांनी आपल्या बापजाद्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्यांतले काही आता स्वतःच उघड्यावर पडलेत. हे बघून आनंद होतो असं मी म्हणणार नाही. दुःख होत नाही एवढं खरं.

तर अशा गावात आमची बैठक बसली होती. विषय बावीस प्रतिज्ञांचा. त्यात एका पोरानं मधेच काढलं, ‘आपण देवच नाकारला. त्यामुळं देवानं दगा दिला म्हणायची सोयच उरली नाही. पण ते जालन्याकडचे आपले ख्रिस्ती पाव्हणे? लेकरू मेलं, पीक गेलं, नोकरी गेली, तर ते कोणाला बोलतात?’

दुसरा म्हणाला, ‘पाद्र्याला.’ सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते हसू काही टिकलं नाही. कारण पोराचा प्रश्न थट्टेचा नव्हता, आणि तो नुसता ख्रिस्त्यांचाही नव्हता. मराठीत देवाला तोंडावर ‘तू आम्हाला फसवलंस’ असं कोणी म्हटलं? आणि म्हटल्यावर पुढं काय केलं? हा साहित्याचा प्रश्न आहे. प्रस्थापित समीक्षेनं तो कधी विचारला नाही, कारण तिच्या देवानं तिला कधी उपाशी ठेवलं नाही. म्हणून आपण विचारू.

आधी पाव्हण्यांबद्दल. चारठाण्याहून मंठ्यावरून जालन्याला जाता येतं. त्या जालन्याजवळ नारायण शेषाद्री या पाद्र्यानं बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. १८७० च्या दशकातली गोष्ट. शेषाद्री जातीनं ब्राह्मण, १८४३ साली ख्रिस्ती झालेला. जमीन मिळाली निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. तिथं आले ते मुख्यतः मांग आणि महार. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या ऐंशी वर्षं आधी आपल्यातली माणसं गावकूस ओलांडून एका दुसऱ्या देवाच्या दारात गेली होती. त्यांना आपण ‘भाकरीचे ख्रिस्ती’ म्हणून हिणवतो. भुकेल्यानं भाकरीसाठी देव बदलला तर त्यात लाज भुकेल्याची की आधीच्या देवाची, एवढं तरी हिणवणाऱ्यानं सांगावं.

आता मूळ मुद्द्याकडं.

देवावरची तक्रार मराठीत नवी नाही. चोखोबा ती करतो. मंगळवेढ्याला १३३८ साली भिंत कोसळून तो मेला, वेठीचं काम करता करता. ज्याच्यासाठी आयुष्यभर गायला तो विठोबा भिंत धरायला आला नाही. चोखोबाच्या नावावरच्या अभंगांत दोन आवाज आहेत. एक विचारतो, मला असा जन्म का? दुसरा उत्तर देऊन मोकळा होतो, की मागच्या जन्मी काही पातक घडलं असेल म्हणून. पहिला आवाज माणसाचा आहे. दुसरा त्याच्या कानात कुणीतरी ओतलेला. त्याचा पोरगा कर्ममेळा मात्र हा दुसरा आवाज फारसा ऐकत नाही. तो उष्ट्याचा हिशेब विठोबापुढं मांडतो आणि तिथंच थांबतो. ‘चूक माझीच असेल’ हे शेपूट जोडत नाही. मला कर्ममेळा बापापेक्षा मोठा वाटतो. पाठ्यपुस्तकवाल्यांना वाटणार नाही, ते असो.

हे दोन आवाज लक्षात ठेवा. पुढं हेच येणार आहेत.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये एका मुलीचा निबंध दोन हप्त्यांत छापून आला. मुक्ता साळवे, मांग जातीची, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. विषय मांग-महारांचं दुःख. ‘ज्ञानोदय’ हे मिशनऱ्यांचं पत्र, १८४२ पासूनचं. म्हणजे दलित मुलीची पहिली छापील तक्रार ख्रिस्ती कागदावर उमटली. ही योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून द्यायची नाही. दुसरा कुठला कागद तिला जागा देणार होता?

त्या निबंधात मुक्ता थेट देवाला विचारते. ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, मग आम्ही धर्मपुस्तकावाचून उरलो, तर आमचा धर्म कोणता ते सांग बाबा! चौदा वर्षांची पोरगी देवाला कोंडीत पकडते. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसतं हे ती लिहिते, आणि ते वाचताना आजही पोटात कालवतं. पण तिच्या लिहिण्यात एक गोष्ट कुठंच नाही. ‘आम्ही पापी होतो म्हणून असं झालं’ असं ती म्हणत नाही. दोष कोणाचा ते तिला पक्कं ठाऊक आहे. इंग्रज सरकारचे ती आभार मानते, ते आपल्याला आज खटकेल. खटकू द्या. तिच्या जागी उभं राहून बघा म्हणजे कमी खटकेल. आणि शेवटाकडं ती देवाची वाट बघत बसत नाही. आपल्या लोकांना सांगते की या दुखण्यावर औषध ज्ञानाचं आहे. तक्रार देवाकडं, इलाज शाळेत. कर्ममेळ्यापासून ती सरळ रेघ येते, आणि एक पाऊल पुढं जाते.

आता पंडिता रमाबाई. हिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण देवानं केलेल्या निराशेचा इतका रोखठोक जबाब मराठी बाईनं दुसरा लिहिलेला नाही. लिहिला इंग्रजीत, १९०७ साली, ‘साक्ष’ म्हणून.

बाप अनंतशास्त्री डोंगरे, पुराणिक. घरदार घेऊन तीर्थातीर्थांतून पुराण सांगत फिरायचा. दक्षिणेत दुष्काळ पडला. या लोकांनी काय केलं? होतं नव्हतं ते देवाधर्माला घातलं. उपास, स्नानं, प्रदक्षिणा, ब्राह्मणांना दानं. पैसा संपला, भांडी संपली. देव काही बोलला नाही. बापानं जलसमाधीचा विचार केला. १८७४ साली बाप गेला, मागोमाग आई, काही महिन्यांनी बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी फिरले. पुढं भाऊही गेला. १८८० साली तिनं बंगालमध्ये ब्राह्मणेतर वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं. १८८२ साली तोही गेला. पोटाशी एक पोरगी, मनोरमा.

रमाबाई ही सगळी हकीगत सांगते ती रडत नाही, हिशेब मांडते. एवढं दिलं, एवढे दिवस उपास केले, शास्त्रात लिहिल्याप्रमाणं सगळं पाळलं, आणि हाती काय आलं? शून्य. शास्त्र खोटं ठरलं. शिवाय तिनं ते शास्त्र नीट वाचलेलं. बाई आणि शूद्र यांच्याबद्दल त्यात काय आहे हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून तिचा नकार भावनेचा नाही, वाचून केलेला आहे. आपल्या चळवळीतल्या पोरांनी हा भाग शिकावा असा आहे. आपण मनुस्मृतीला शिव्या पुष्कळ देतो. वाचलेली किती जणांनी?

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात तिनं बाप्तिस्मा घेतला. इथं बहुतेक चरित्रकार सुटकेचा श्वास सोडतात. निराशा संपली, तारणारा भेटला, गोष्ट सुफळ संपूर्ण. पण रमाबाई प्रामाणिक आहे. ती स्वतःच सांगते की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं तिला समाधान नव्हतं. ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे दुसऱ्या देवाच्या दारातही ती काही वर्षं रिकाम्या हातानं उभी होती.

आणि आता बारकाईनं बघा. जुन्या देवांनी निराश केलं तेव्हा दोष तिनं कोणाच्या नावावर टाकला? देवांच्या आणि शास्त्रांच्या. नवा देव गप्प राहिला तेव्हा? स्वतःच्या नावावर. आपणच पापी आहोत, आपलंच मन अजून मोकळं झालं नाही, हे कळलं तेव्हा शांती मिळाली असं ती सांगते. वही तीच, हात तोच, पण खातं फिरलं. आधी देव कर्जदार होता, आता ती झाली.

याचा अर्थ रमाबाई वाकली असा नाही. इंग्लंडातल्या धर्मगुरूंशी ती त्रैक्यावरून भांडली, कुणाच्या हुकमात राहायला तयार झाली नाही. माणसांपुढं ती कधी वाकली नाही. म्हणूनच देवापुढं तिनं स्वतःकडं घेतलेला दोष माझ्या डोळ्यांत जास्त सलतो.

१८९६-९७ चा दुष्काळ आला, मग १९०० चा. हे दुष्काळ का, असं तिनं नव्या देवाला विचारलं नाही. ती उठली आणि मुली आणायला गेली. मध्य प्रांतातून, गुजरातेतून. केडगावच्या मुक्ती मिशनात बायामुलींची संख्या दीड-दोन हजारांवर गेली. एकेकाळी जिचे आईबाप दुष्काळात देवाला दान देऊन मेले, तिनं दुसऱ्या दुष्काळात धान्य माणसांच्या तोंडात घातलं. हे काम मोठं आहे. त्यापुढं मी टोपी काढतो.

पण हिशेब सुरू केलाच आहे तर पुरा करू. मुक्तीला ठरलेली मदत नव्हती, प्रार्थना आणि विश्वासावर कारभार. पैसा आला की देवानं धाडला. ठीक. मग आणलेल्या ज्या मुली दुष्काळानं पोखरलेल्या अंगानं मेल्या, त्या कोणी धाडल्या? जमेची बाजू सगळी देवाच्या नावावर, खर्चाच्या बाजूला नाव नाही. जुन्या देवांची वही तपासणाऱ्या बाईनं ही वही तपासली नाही.

अखेरच्या वर्षांत ती बायबलचं मराठी भाषांतर करत होती, हिब्रू आणि ग्रीक शिकून. साध्या बायकांना कळेल अशी भाषा तिला पाहिजे होती. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, काम हातावेगळं करून रमाबाई गेली. पुस्तक १९२४ साली बाहेर पडलं. त्या पुस्तकात ईयोब आहे. सगळी लेकरं मेलेला बाप, अंगावर फोडं, राखेत बसून देवाला जाब विचारणारा. ते शब्द रमाबाईच्या हातून मराठीत आले. तिचे स्वतःचे शब्द आले नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांचं वेगळं आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ मध्ये आली. पांढरपेशा वाचकाला ते पुस्तक आवडतं ते विनोदासाठी. नवरा १० फेब्रुवारी १८९५ ला ख्रिस्ती झाला, घर फुटलं, बाई काही वर्षं वेगळी राहिली, मग आली, सोवळं सांभाळत आली. सोवळं सुटलं ते चमत्कारानं नाही, विचार करून सुटलं. देवानं माणूस केला, जात माणसानं केली, एवढा साधा विचार. १९०० साली तिचा बाप्तिस्मा. लक्ष्मीबाई देवाशी भांडत नाही, नवऱ्याशी भांडते. आणि नवरा तरी कसा! १९१७ साली नारायण वामनांनी मिशनची नोकरी सोडली, ‘देवाचा दरबार’ काढला. ते मिशनवर नाराज होते, देवावर नव्हते. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं, दहा-अकरा अध्याय. बाईनं पुढचे साठावर अध्याय रचून टाकले. हे तिचं उत्तर. दुःखावर काम. त्यात तत्त्वज्ञान शोधू नये.

पण थांबा. रमाबाई ब्राह्मण. टिळक नवराबायको ब्राह्मण. शेषाद्री ब्राह्मण. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास म्हणजे बाटलेल्या ब्राह्मणांची आत्मचरित्रं, मधे बाबा पदमनजींसारखा एखादा कासार. आणि चर्चच्या बाकावर बसलेले बहुसंख्य कोण? महार आणि मांग. त्यांची निराशा कुठं लिहिलीय? ती बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आहे, नावापुढं, एका ओळीत. नगरकडच्या मंडळ्यांत महार ख्रिस्ती मांग ख्रिस्त्याच्या पंक्तीला बसायला तयार नव्हते, हे मिशनऱ्यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे देवानं निराश करायच्या आधी आपणच एकमेकांना केलं. हे आपल्याला ऐकायला आवडत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बाबासाहेबांनी या प्रश्नाला हात घातलेला आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या स्थितीवरचं त्यांचं लिखाण शासनाच्या इंग्रजी खंडांत, पाचव्या खंडात, १९८९ साली छापून आलं. त्यांचा एक मुद्दा असा की, ख्रिस्ती झालेल्या माणसाला शिकवलं जातं की माणसाचं पतन मूळ पापामुळं झालं, भोवतालच्या अन्यायी समाजामुळं नव्हे. मग तो भोवताल बदलायला उठत नाही. क्षमा मागत बसतो. हे वाचलं आणि मला रमाबाईची फिरलेली वही आठवली. तिच्यासारख्या बाईला ते परवडलं, तिच्या अंगात काम होतं. पण मांगवाड्यातल्या माणसाला आधीच पूर्वजन्मीच्या पातकाचं ओझं दिलेलं. ते उतरवून त्याच डोक्यावर मूळ पापाचं ठेवलं, तर हमालाचा फक्त मालक बदलला.

मात्र इथं थांबणं अर्धवट होईल. ख्रिस्ती परंपरेत दुसरा आवाजही आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. ईयोबाला त्याचे मित्र समजावतात, तू काहीतरी पाप केलंच असशील. तो ऐकत नाही, मी केलेलं नाही म्हणतो. शेवटी देवच त्या मित्रांना झापतो! (देवाचं ईयोबाला दिलेलं उत्तर मात्र मला पटत नाही. मी सृष्टी केली तेव्हा तू कुठं होतास, अशा थाटाचं. हे म्हणजे मजुरी मागणाऱ्याला मालकानं वाडा दाखवणं झालं.) आणि खुद्द येशू मरताना, तू मला का सोडलंस, असं देवाला विचारतो. त्याला उत्तर मिळाल्याचं तिथं लिहिलेलं नाही.

१९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी एक भाषण केलं. तिथून दलित ईश्वरशास्त्र म्हणतात ती गोष्ट सुरू झाली. निर्मल पुढं असं मांडतात की क्रुसावर देवानं टाकून दिल्याचा जो अनुभव, तोच दलितपणाचा गाभा. आणि देव सेवक आहे, झाडूवाल्यासारखा, धोब्यासारखा. पहिली गोष्ट मला पटते. दुसरी ऐकून अंगावर काटा येतो, आणि मग शंका येते. देव झाडू घेऊन आमच्याशेजारी उभा राहिला, छान. पण आमच्या हातातला झाडू सुटायचा कसा? सोबत्याचं सुख वेगळं, सुटका वेगळी. निर्मलांना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्यामागून येणाऱ्या प्रवचनांत सोबतच उरते.

आता आपल्याकडं वळू, नाहीतर हा लेख दुसऱ्याच्या घरात डोकावणं होईल. आपल्याकडं किसागोतमी आहे. मेलेलं लेकरू घेऊन आलेल्या बाईला बुद्ध सांगतो, ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरते आणि समजते. यात देवाला दोष नाही, तिला दोष नाही, पाप नाही. याच्याइतकं स्वच्छ सांत्वन मला दुसरं माहीत नाही.

पण डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, पोलिसांनी पोरं उचलली, आणि त्यातला एक कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. त्याच्या आईला मोहरी आणायला सांगायची का? मरण प्रत्येक घरात असतं. कोठडीतलं मरण प्रत्येक घरात नसतं. ते कोणत्या घरात असतं हे ठरलेलं असतं. ती आई हायकोर्टात गेली. औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. तिची तक्रार देवाकडं गेली असती तर पावती मिळाली नसती.

आणि आपण तरी कुठं सुटलोय? निकाल लागायच्या आदल्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून पास होऊ दे म्हणणारी पोरं मी बघितलीत. पास झालं नाही की फोटोवर रुसणारीही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू केलेल्या माणसानं १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना कळवलं होतं की तो देवदर्शनासाठी केलाच नव्हता, लोकांना जागं करण्यासाठी केला होता. त्याला देव केलं की त्याच्यावर रुसायचीही पाळी येणारच.

राहिला पोराचा प्रश्न, पाव्हणे कोणाला बोलतात. १९५० च्या ऑगस्टात राष्ट्रपतींचा आदेश निघाला, अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदूच. १९५६ मध्ये शीख आत आले. १९९० मध्ये आपण बौद्ध आत आलो. ख्रिस्ती अजून बाहेर. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला तो याच प्रश्नावर. गावात त्या माणसाला मांग म्हणूनच ओळखतात, विहिरीवर, लग्नात, भांडणात. फक्त दाखल्यावर तो मांग नाही. मारहाण झाली तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा त्याला नाही, २०२५ मध्ये आंध्रच्या हायकोर्टानं तसा निकालच दिला. म्हणजे त्याची तक्रार देवानं ऐकली नाही तर जायला तहसील होतं, तेही बंद. कितीतरी जण रविवारी चर्चला जातात आणि कागदावर हिंदू राहतात. देवानं केलेली निराशा सोसायला त्यांच्याकडं गाणी आहेत, स्तोत्रं आहेत. या दुसऱ्या निराशेला गाणं नाही. तिला मोर्चा लागतो. आणि त्या मोर्चात आपण नव्हतो. आपलं १९९० मध्ये झालं, आपण घरी बसलो.

त्या रात्री ज्यानं ‘पाद्र्याला’ म्हणून हसवलं, त्याला मी मुक्ता साळवेचा निबंध उतरून काढायला दिलाय. पुढची बैठक पुन्हा चारठाण्यातच आहे. जालन्याच्या दोन पाव्हण्यांना बोलावलंय, ते येतो म्हणालेत. निबंध तोच वाचणार आहे, त्यांच्यासमोर.